गाडी घेताना कंपनी कशी निवडायची? भरवसा, ताकद आणि पैसे वसूल यांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात भरवशाची कंपनी कोणती? थेट नाव सांगा.

टोयोटा आणि मारुती. इंजिन-गिअरबॉक्सचा टिकाऊपणा, गावोगावी मिळणारे पार्ट आणि जुनी गाडी विकताना येणारी किंमत हे तिन्ही एकत्र धरले, तर भारतात या दोघांच्या पुढे कुणी नाही.

पण एवढ्या उत्तरावर बुकिंग करू नका. तुम्ही घरी आणता ते एक ठरावीक इंजिन आणि त्याला जोडलेला एक ठरावीक गिअरबॉक्स. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचे स्वभाव जमीन-अस्मानाइतके वेगळे असू शकतात. आणि दोन कंपन्यांच्या गाड्या आतून एकच असू शकतात. टोयोटाची ग्लॅन्झा ही मारुतीची बलेनो आहे, टायझर ही फ्रॉन्क्स आणि रुमियन ही अर्टिगा. उलट मारुतीच्या नावाने विकली जाणारी इन्व्हिक्टो ही टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस. अशा जोडीत भरवशाची तुलना करण्यात वेळ घालवू नका. घराजवळ कुणाचं सर्व्हिस सेंटर चांगलं, कुठे वेटिंग कमी आणि कोण सूट जास्त देतो, एवढंच बघा.

मग ‘ब्रँड’ला काहीच अर्थ नाही का?

आहे, आणि तो सर्व्हिसमध्ये आहे. याचं आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन. हे इंजिन फियाटच्या लिनिया आणि पुंटोत होतं, मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये होतं, टाटाच्या इंडिका व्हिस्टातही होतं. फियाट-टाटासाठी ते पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात बनायचं, मारुतीसाठी हरियाणात मानेसरला. रचना एकच. तरी त्या काळात डिझेल स्विफ्टसाठी लोक महिनोन्‌महिने थांबले आणि लिनिया शोरूममध्ये उभी राहिली, खरं तर चालवायला लिनिया जास्त दमदार आणि रस्त्याला घट्ट धरणारी होती. फरक पडला तो गाडीच्या मागे उभ्या असलेल्या यंत्रणेमुळे. मारुतीचा मेकॅनिक तालुक्याच्या गावी होता, पार्ट त्याच दिवशी मिळायचा. फियाटची विक्री आणि सर्व्हिस बराच काळ टाटाच्या डीलरांकडून चालली आणि तिथे या गाड्यांकडे हवं तसं लक्ष गेलं नाही.

म्हणून ब्रँडची तुलना करायची तर देशभराची करू नका, तुमच्या जिल्ह्याची करा. सांगली, लातूर किंवा रत्नागिरीत राहणाऱ्याला मुंबईतलं सर्व्हिस सेंटर किती चकचकीत आहे याचा काही उपयोग नाही.

भरवसा मोजायचा कसा? यूट्यूबवर एक जण एक सांगतो, दुसरा दुसरं.

अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था दरवर्षी हजारो मालकांना विचारून गाड्यांचा भरवसा मोजते. जर्मनीत सक्तीच्या तपासणीत कोणती गाडी किती वेळा नापास झाली याचा ट्यूव्ह या तपासणी संस्थेचा अहवाल निघतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यातल्या बहुतेक गाड्या, इंजिनं, इंधन आणि रस्ते आपले नाहीत. तिथला निकाल इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

आपल्याकडे त्याहून सोपी कसोटी आहे. टॅक्सी स्टँडवर जा. ज्याचं पोट गाडीवर आहे तो माणूस बिघडणारी गाडी दुसऱ्यांदा घेत नाही. डिझायर, अर्टिगा आणि इनोव्हा तिथे गर्दीने दिसतात, आणि तीन लाख किलोमीटर झालेली इनोव्हा आजही शिर्डीच्या रस्त्यावर सहज भेटते. चालकाला नेमकं विचारा: क्लच प्लेट किती किलोमीटरला बदलली, सस्पेंशनचं काम कधी निघालं, रस्त्यात कधी उभी राहिली का? पाच मिनिटांच्या या गप्पांतून जे कळतं ते ब्रोशरमध्ये नसतं.

तक्रारी ऐकताना त्यांचे दोन ढीग करा. टचस्क्रीन अडकणं, सेन्सरचा खोटा इशारा, दाराचा खडखडाट या वैतागाच्या गोष्टी आहेत. गाडी रस्त्यात बंद पडणं, गिअरबॉक्स तापणं, इंजिन ऑइल पिणं हा खर्चाचा आणि धोक्याचा ढीग आहे. दोन्हींना एकच वजन देऊ नका.

टाटा आणि महिंद्राच्या गाड्यांत कटकटी जास्त असतात असं म्हणतात. खरं आहे का?

मालकांकडून हे वारंवार ऐकू येतं आणि ते निराधार नाही. तक्रारींचा मोठा भाग इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर आणि फिटिंगचा असतो. नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षात त्या जास्त दिसतात आणि पुढे कमी होत जातात. त्यामुळे या दोन कंपन्यांच्या बाबतीत माझा सल्ला स्पष्ट आहे. नवं मॉडेल आलं की वर्षभर थांबा. गुढीपाडव्याला किंवा दसऱ्याला पहिली गाडी आपल्या दारात हवी ही हौस समजू शकते, पण ती महागात पडू शकते.

दुसऱ्या बाजूने हेही तितकंच खरं आहे की भारतीय ग्राहकाला मजबूत गाडी मिळायला लागली ती या दोघांमुळे. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनने ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत पाचपैकी पाच तारे मिळवले. भारतात बनलेल्या गाडीने असं करण्याची ती पहिलीच वेळ. पाठोपाठ २०२० मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० ने तेच केलं. तोवर ‘आपल्या लोकांना सुरक्षिततेचे पैसे द्यायचे नसतात’ हेच उत्तर कंपन्यांकडून ऐकू यायचं. ते चूक होतं हे या गाड्यांच्या खपाने दाखवलं.

मारुती म्हणजे नुसता पत्रा, असं घरचे म्हणतात. घ्यावी का?

मॉडेल पाहून ठरवा. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने तपासलेल्या स्विफ्टला एकच तारा मिळाला होता. त्याच कंपनीच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. म्हणजे ‘मारुती’ हे उत्तर नाही आणि ‘टाटा’ हेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या सरकारने भारत एनकॅप ही अशीच धडक-चाचणी सुरू केली. तिचे निकाल मराठी माणसाला फुकट वाचायला मिळतात, ते मॉडेलच्या नावाने शोधा.

ताऱ्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादाच १२० आहे. पाच ताऱ्यांची गाडीही त्या वेगाला चमत्कार करणार नाही. मागच्या सीटवर बसलेल्यांनी पट्टा लावलेला नसेल, तर ताऱ्यांचा निम्मा अर्थ तिथेच संपतो. एअरबॅग पट्टा गृहीत धरूनच बनवलेली असते.

ह्युंदाई की किआ?

एकाच समूहाच्या कंपन्या, क्रेटा आणि सेल्टोसची इंजिनं व गिअरबॉक्स बऱ्याच अंशी सारखेच. आतली सजावट आणि सोयी दोघांच्याही उत्तम. ह्युंदाई भारतात १९९६ पासून आहे, सँट्रो १९९८ ची, त्यामुळे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी तिची सर्व्हिस सेंटरं जास्त. किआ २०१९ ला आली. शहरात राहत असाल तर आवडेल ती घ्या, गावी राहत असाल तर ह्युंदाई.

स्कोडा-फोक्सवॅगन चालवायला भारी, पण सांभाळायला परवडतात का?

या गाड्या चाकणलाच बनतात, तरी ‘परदेशी गाडी, महाग पार्ट’ हा शिक्का गेलेला नाही. पोलोवर जीव टाकणारे लोक आजही भेटतात आणि ते उगाच नाही. स्टिअरिंगचा नेमकेपणा, महामार्गावरची पकड, ब्रेकवरचा विश्वास यांत ही गाडी तिच्या किमतीत सरस होती. आता कायलॅक, कुशाक, टायगुन तोच वारसा पुढे नेतात. कुशाक आणि टायगुनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळालेले आहेत.

अडचण आहे ती वॉरंटीनंतरची. नेहमीची सर्व्हिस आता पूर्वीइतकी महाग राहिलेली नाही, पण मोठा पार्ट गेला की बिल मोठं येतं आणि नाक्यावरचा मेकॅनिक हात लावायला कचरतो. तुम्ही पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरात असाल, वाढीव वॉरंटी घेणार असाल आणि गाडी चालवण्याची मनापासून आवड असेल, तर बिनधास्त घ्या. गाडी फक्त घर ते ऑफिस जाणार असेल, तर जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजले ती मजा कधी वापरलीच जाणार नाही.

परफॉर्मन्स म्हणजे नेमकं काय बघायचं? बीएचपी जास्त म्हणजे गाडी चांगली का?

आपल्या रस्त्यांवर, विशेषतः घाटात, कमाल ताकदीपेक्षा (बीएचपी म्हणजे तीच) टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, आणि तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो हे जास्त महत्त्वाचं. क्रेटाचंच उदाहरण घ्या. तिच्या साध्या १.५ लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १४४ न्यूटन मीटर आहे आणि तो पूर्ण मिळायला इंजिन ४५०० आरपीएमपर्यंत न्यावं लागतं. स्कोडा कायलॅकचं इंजिन फक्त एक लिटरचं, पण टर्बोमुळे (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) १७८ न्यूटन मीटर, तेही १७५० आरपीएमपासून. पाच माणसं, डिकी भरून सामान आणि एसी चालू ठेवून आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढायचा झाला, की हे आकडे जिवंत होतात. साधं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत चढतं. टर्बो इंजिन तिसऱ्यात शांतपणे ओढतं. पुढे एसटी किंवा उसाचा ट्रक असेल आणि ओव्हरटेकला थोडीच जागा मिळणार असेल, तेव्हा हा फरक जिवाचा ठरतो.

याला उलटी बाजू आहे. टर्बो इंजिनाला चांगलं ऑइल वेळेवर लागतं, आणि शहरात गर्दीत ते अ‍ॅव्हरेज झपाट्याने खातं. साधं इंजिन निष्काळजी मालकालाही सांभाळून घेतं. वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्या, एरवी शहरात रांगणाऱ्या माणसाला मारुतीचं किंवा होंडाचं साधं पेट्रोल इंजिन दहा वर्षं त्रास देत नाही. होंडा सिटीचं १.५ लिटर इंजिन तर टर्बो नसूनही १२१ पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप) देतं आणि ते अतिशय टिकाऊ आहे. आरपीएम चढवायला न घाबरणाऱ्याला ते घाटातही पुरतं.

दोन-तीन इंजिनांची नावं मुद्दाम सांगतो, कारण त्यांची तारीफ व्हायला हवी: महिंद्राची डिझेल इंजिनं, ह्युंदाई-किआचं १.५ लिटर डिझेल (११६ पीएस, २५० न्यूटन मीटर) आणि टोयोटाची हायब्रीड (पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड) यंत्रणा. तिन्ही आपापल्या कामात अव्वल.

ऑटोमॅटिक घ्यायची आहे. कोणता गिअरबॉक्स भरवशाचा?

पैसे वाया जाण्याची सगळ्यात मोठी जागा हीच, कारण शोरूममध्ये सगळ्यालाच ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात आणि आत चार वेगवेगळ्या गोष्टी असतात.

एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. स्वस्त, अ‍ॅव्हरेजला चांगला, दुरुस्तीला सोपा. पण गिअर बदलताना झटका देतो आणि घाटाच्या चढावर नेमक्या वेळी विचारात पडतो. शहरासाठी ठीक.

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा, हा जुना, जड, थोडा पेट्रोल जास्त पिणारा आणि सगळ्यात विश्वासू प्रकार. ब्रेझा, अर्टिगा, कायलॅक, स्कॉर्पिओ-एन, क्रेटा डिझेल यांत हाच येतो. दहा वर्षं गाडी ठेवायची असेल तर माझं मत याच्याच बाजूने.

सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, पट्ट्यावर वेग बदलतो, म्हणून तो अतिशय मऊ चालतो. होंडा सिटी आणि क्रेटाच्या साध्या पेट्रोलमध्ये तो आहे. शांत चालवणाऱ्याला आवडेल, जोरात दाबलं की इंजिनाचा नुसता आवाज वाढल्यासारखा वाटतो.

ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने गिअर बदलतात, सगळ्यात चपळ. मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखं सुख नाही. पण कोरडा ड्युअल क्लच मुंग्यांच्या गतीने सरकणाऱ्या गर्दीत तापतो. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या कोरड्या डीएसजीबद्दल (ड्युअल क्लचचं त्यांचं नाव) जगभर तक्रारी झाल्या आणि २०१३ मध्ये चीनमध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर त्यात सुधारणा झाल्या. तरीही रोज हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या गर्दीत तासन्‌तास जाणाऱ्याने कोरडा ड्युअल क्लच टाळावा असंच मी सांगेन. टाटाच्या अल्ट्रोझमधला ड्युअल क्लच तेलात बुडालेला असतो, त्याला उष्णतेचा त्रास तुलनेने कमी.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी, हायब्रीड की इलेक्ट्रिक?

आधी महिन्याचे किलोमीटर काढा. समजा पेट्रोल १०४ रुपये लिटर, सीएनजी ८० रुपये किलो, पेट्रोलवर १६ चा आणि सीएनजीवर २४ चा अ‍ॅव्हरेज. महिन्याला १००० किलोमीटर होत असतील तर पेट्रोलला ६५०० रुपये लागतात आणि सीएनजीला सुमारे ३३३०. सीएनजी मॉडेल ९५ हजारांनी महाग असेल तर ते पैसे अडीच वर्षांत सुटतात. महिन्याला फक्त ४०० किलोमीटर होत असतील तर सहा वर्षांहून जास्त लागतात, आणि तोवर डिकीही गेलेली असते. टाटाने दोन लहान टाक्या खाली बसवून डिकीचा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला आहे. सीएनजी घ्यायचा तर कंपनी फिटेडच घ्या आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करायला विसरू नका.

डिझेल फक्त लांब पल्ल्यासाठी. बीएस ६ (सध्याचा प्रदूषणाचा नियम) डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती जाळी साफ व्हायला इंजिन बराच वेळ गरम आणि वेगात चालावं लागतं. रोज चार किलोमीटरवर शाळेत मुलांना सोडणाऱ्या गाडीत ती तुंबते, आणि बदलायची वेळ आली तर खर्च फार मोठा. मारुती, होंडा, स्कोडा आणि फोक्सवॅगनने डिझेल बंदच केलं. टाटा, महिंद्रा, ह्युंदाई, किआ अजून देतात.

हायब्रीडमध्ये टोयोटाला तोड नाही. शहराच्या गर्दीत हायरायडर लहान गाडीपेक्षाही कमी पेट्रोल पिते. किंमत जास्त, म्हणून वापरही भरपूर हवा.

इलेक्ट्रिक गाडी घरच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट असेल तरच. सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्या, बुकिंग नंतर करा.

ई-२० पेट्रोलने गाडी खराब होते का?

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉल धरूनच केलेले आहेत, त्यांची काळजी नको. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडा पडतो. जुन्या गाड्यांसाठी नीती आयोगाच्या आराखड्यातच ६ ते ७ टक्के घट धरलेली होती. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील यांच्याकडे दर सर्व्हिसला लक्ष ठेवा, आणि टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

पैसे वसूल कोणती? एक्स-शोरूम किंमत पाहून ठरवलं तर चुकतं का?

हो, चुकतं. ऑन-रोड किंमत, सात वर्षांचं इंधन, सर्व्हिस, विमा, टायरचा एक संच आणि शेवटी मिळणारी विक्री किंमत हा पूर्ण हिशेब आहे. १२ लाखांची गाडी सात वर्षांनी पाच लाखांना गेली आणि ११ लाखांची तीन लाखांना, तर स्वस्त गाडीच लाखभराने महाग पडली. रिसेलमध्ये टोयोटा आणि मारुती पुढे राहतात ते इथे कामाला येतं.

करही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत येते, त्यापुढची ४० टक्क्यांत, इलेक्ट्रिक ५ टक्क्यांत. नेक्सॉन आणि ब्रेझा दोन्ही चार मीटरच्या आत, पण ब्रेझाचं इंजिन दीड लिटरचं असल्याने ती वरच्या टप्प्यात जाते. महाराष्ट्रात रस्ता करही डिझेलला जास्त, सीएनजीला कमी. दीड हजार सीसीच्या वर थर्ड पार्टी विमा दुपटीहून महाग होतो.

सगळ्यात वरचं मॉडेल क्वचितच पैसे वसूल असतं. सनरूफसाठी लाखभर रुपये मोजणारे पाहिले की वाईट वाटतं, कारण तेवढ्यात त्याच गाडीचं चांगलं इंजिन किंवा वाढीव वॉरंटी येते. मधलं मॉडेल, सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असलेलं, हा बहुतेक घरांसाठी योग्य टप्पा.

वॉरंटीत कोण उदार?

ह्युंदाई आणि होंडा तीन वर्षं, किलोमीटरची मर्यादा नाही. मारुती बरीच वर्षं दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवर अडून होती, २०२४ मध्ये ती तीन वर्षं किंवा एक लाख झाली. ऑटोमॅटिक किंवा टर्बो घेत असाल तर वाढीव वॉरंटी गाडीबरोबरच घ्या.

कंपनीच भारत सोडून गेली तर?

जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस शेव्हरले विकणं थांबवलं, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. गाड्या लगेच भंगारात जात नाहीत, फोर्डची सर्व्हिस चालू राहिली. पण रिसेल कोसळतो आणि बॉडीचे पार्ट मिळायला वेळ लागतो, तेव्हा अपघातानंतर गाडी आठवडे उभी राहू शकते. ज्या कंपनीची देशात विक्री फारच कमी आहे तिची गाडी घेताना निदान पाच वर्षांची वॉरंटी पदरात पाडून घ्या.

बजेट दहा-बारा लाख आहे. थेट सांगा, कोणती घेऊ?

चार जणांचं कुटुंब, शहरात वापर, कटकट नको: डिझायर किंवा बलेनो. रोजचं अंतर भरपूर: डिझायर सीएनजी. घाट, महामार्ग आणि चालवण्याची आवड: कायलॅक किंवा महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ टर्बो. खराब रस्ते, गावाकडचा वापर, मजबुती: नेक्सॉन, सर्व्हिस सेंटर चांगलं असेल तर. आई-वडील धरून सहा-सात माणसं: अर्टिगा, दुसरा विचार नको.

टेस्ट ड्राइव्ह आणि डिलिव्हरीला काय तपासायचं?

टेस्ट ड्राइव्ह घरच्या सगळ्यांना घेऊन करा, एसी पूर्ण चालू ठेवून, एखाद्या चढावर थांबून पुन्हा उचलून. आईला मागच्या सीटवर चढता-उतरता येतं का बघा. जे इंजिन-गिअरबॉक्स घेणार तेच चालवायला मागा, दुसरं मॉडेल दाखवून ‘सेमच आहे’ म्हणाले तर थांबा.

डिलिव्हरीच्या आधी, आणि पासिंगच्याही आधी, गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा. चासी नंबर बिलाशी जुळवा, बनण्याचा महिना आणि वर्ष तपासा, टायरवरची तारीख पाहा, रंगाच्या छटेत कुठे फरक दिसतो का ते निरखा, ओडोमीटर किती आहे त्याचा फोटो काढा. गाडी एकदा तुमच्या नावावर चढली की बदलून मिळणं फार अवघड असतं. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून झीरो डेपचा (पार्टचा घसारा न कापणारा विमा) कोटेशन आणा आणि तो त्यांच्यासमोर ठेवा, बहुतेक वेळा किंमत तिथेच खाली येते.